पाळी जाण्याआधीची ती चार-पाच वर्षे

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या सभागृहात आम्ही चौघी नेहमीप्रमाणे मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. वाण लुटून झाले, तिळगूळ झाला. मग एका सभासदांची सून शेजारी येऊन बसली. वय चव्वेचाळीस, दोन मुले, स्वतःची नोकरी. इकडे-तिकडे पाहत हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला या वयात रात्री झोप यायची का हो?" मग एकेक करून सगळे बाहेर आले. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. रात्री तीनला जाग, अंगाला दरदरून घाम. खाणे तेवढेच, तरी पोट वाढलेले. घरात चिडचिड. आई म्हणते, "वयाचं आहे, सगळ्यांचं होतं."

हेच वाक्य आम्ही चौघींनीही वीस वर्षांपूर्वी ऐकले होते आणि त्यावर विश्वास ठेवून गप्प बसलो होतो. त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागला. म्हणून हा लेख.

आम्ही चौघी इंदूरच्याच, बँकेतून निवृत्त झालेल्या. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे वैद्यकीय अधिकार आमच्याकडे काही नाही. पण आमच्यातल्या एकीचे अठ्ठावन्नाव्या वर्षी मागच्या अंगणात पाय घसरून मनगट मोडले, एकीला पन्नाशीत मधुमेह निघाला आणि एकीचे गर्भाशय अंडाशयांसकट एक्केचाळिसाव्या वर्षीच काढून टाकले होते. चौथीचे बरे चालले आहे. ती आम्हाला रोज चिडवते, पण फायलींचा अभ्यास तिनेही आमच्याबरोबर केला. डॉक्टरांना विचारून, वाचून, चार वेळा पडताळून जे कळले ते मांडत आहोत.

प्रथम शब्द समजून घेऊ. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ वर्षांच्या सुमारास होते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. पण शरीरातला बदल त्या दिवशी सुरू होत नाही, तो त्याआधी काही वर्षे चालू असतो. या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. साधारण चार वर्षांचा, पण कुणाला दोन, कुणाला आठ. म्हणजे आपल्याकडची बाई चाळिशी ओलांडताच या काळात शिरू शकते, आणि नेमके तेव्हा तिला स्वतःकडे पाहायला सवड नसते. मुलांची दहावी-बारावी, सासू-सासऱ्यांचे दवाखाने, नोकरीत बढती किंवा बदली, सगळे एकाच वेळी येते.

या काळात अंडाशयातली बीजे संपत येतात. काही महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही, आणि ते पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. म्हणून आधी प्रोजेस्टेरॉन कमी पडते. इस्ट्रोजेनही उतरते, असे बहुतेकींना वाटते. खरे तर पहिली काही वर्षे ते सरळ उतरत नाही, वर-खाली होत राहते, कधी तर पूर्वीपेक्षा जास्त होते. अंगावर खूप जाणे, गाठी पडणे, स्तन दुखणे यामागे बऱ्याचदा हेच असते. मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला या चढउताराचा धक्का बसतो. खोलीत गारवा असतानाही 'फार गरम झाले' असा निरोप अंगभर जातो. रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, आणि दोन-चार मिनिटांत थंडी वाजते. आमच्यातल्या एकीला ३१ मार्चच्या क्लोजिंगला काउंटरवर हे व्हायचे. समोरचा ग्राहक घाबरून विचारायचा, "मॅडम, तबीयत ठीक है ना?" आणि ती हसून पासबुक पुढे करायची.

विसरणे हा आणखी एक प्रकार. जिचे वीस वर्षांत कधी दिवसअखेरीला पैशाचे अंतर पडले नाही, तिला साध्या बेरजा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागू लागल्या. आपल्याला वेड लागतेय की काय, असे तिला वाटायचे. झोप मोडणे आणि संप्रेरकांचा चढउतार, दोन्हींमुळे हे होते, आणि बहुतेकींचे पुढे सावरते. हे तेव्हा कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

एक गोष्ट पैसे वाचवणारी. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली आणि लक्षणे नेहमीचीच असली, तर 'हार्मोनची तपासणी' करून पेरिमेनोपॉज सिद्ध करायची गरज सहसा नसते. ते आकडे आठवड्याला बदलतात, आज एक आले म्हणून काही ठरत नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणी मात्र जरूर करावी, कारण थकवा, वजन वाढणे आणि पाळी बिघडणे ही थायरॉइडचीही लक्षणे आहेत. हिमोग्लोबिनही पाहावे. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असे नाही. बारा महिने पूर्ण होईपर्यंत ती शक्यता राहते.

हाडांचे खाते

घाम आणि चिडचिड निदान जाणवते तरी. हाडांचे काही जाणवत नाही. हाड म्हणजे भिंतीतला गज असतो तशी निर्जीव वस्तू, असे आम्हालाही वाटत होते. प्रत्यक्षात ते आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या नवे घालतात. आमच्या भाषेत सांगायचे तर नावे आणि जमा. साधारण तिशीपर्यंत जमेची बाजू जड असते आणि तेव्हा जी शिल्लक उभी राहते ती सर्वात मोठी. नंतर दोन्ही बाजू बऱ्याच काळ जवळपास बरोबरीत चालतात. हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरून धरण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते उतरू लागले की नावेची बाजू एकदम वाढते.

हे कधी सुरू होते, याचे उत्तर अमेरिकेतल्या 'स्वान' या मोठ्या अभ्यासातून मिळाले. १९९६-९७ मध्ये ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ स्त्रियांची नोंद करून त्यांना वर्षानुवर्षे तपासले गेले. हाडांची जलद झीज शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधी सुरू होते आणि नंतरची दोन वर्षे जोरात चालते, असे त्यात दिसले. पुढे वेग कमी होतो, पण झीज थांबत नाही. शेवटच्या पाळीच्या आगे-मागे दहा वर्षांत मणक्याच्या हाडांची घनता सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे पाळी अजून येते आहे, बाईला वाटते आपण तरुण आहोत, आणि तेवढ्यात खात्यातून रक्कम निघू लागलेली असते. पासबुक कुणी छापून देत नाही.

मोडण्याचा क्रमही साधारण ठरलेला. पन्नाशीत मनगट, कारण पडताना हात पुढे जातो. त्यानंतर मणके. सत्तरीत खुबा. मणक्याचे मोडणे पुष्कळदा कळतच नाही. वाकून बादली उचलताना कंबरेत कळ येते, चार दिवस बाम चोळला जातो आणि विसरले जाते. तो मणका दबलेला असतो. आमच्या लहानपणी राजवाड्याजवळच्या वाड्यांत अर्ध्या वाकलेल्या आज्या आणि आत्या सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. म्हातारपणी पाठ वाकायचीच, असे आपण धरून चाललो. त्यातल्या कितीतरी पाठी दबलेल्या मणक्यांच्या होत्या हे आता उमगते, आणि जरा अपराधीही वाटते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगावे.

हाडांची घनता मोजण्याची खात्रीची तपासणी डेक्सा. दुखत नाही, थोड्या मिनिटांत होते. अहवालात टी-स्कोअर असतो, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या तुलनेत आपले हाड कुठे आहे. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ यांच्यामध्ये हाड विरळ होऊ लागलेले, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेवर मशीन ठेवून जी मोफत तपासणी होते ती फक्त अंदाज देते. तिथे 'कमी' आले म्हणून घाबरू नये, 'चांगले' आले म्हणून निश्चिंतही होऊ नये. चाळिशीतल्या प्रत्येकीने डेक्सा करावीच असे नाही. पण पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, अंडाशये काढली असतील, आईचा खुबा मोडला असेल, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, अंग फार किरकोळ असेल किंवा उभ्या-उभ्या पडून हाड मोडले असेल, तर डॉक्टरांशी बोलून लवकर करावी. आमच्या मनगट मोडलेल्या मैत्रिणीचे प्लास्टर काढून तिला घरी पाठवले गेले. डेक्सा कुणी सुचवली नाही, आम्हालाही सुचली नाही. ती तीन वर्षांनी झाली, तेव्हा आकडा उणे २.८ होता.

पोटाचा घेर आणि साखर

खाणे तेच, पोट का वाढले? या वर्षांत चरबीची जागा बदलते. पूर्वी ती मांड्यांवर आणि नितंबांवर साठायची, आता पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. त्याच वेळी स्नायू कमी होतात, आणि रक्तातली साखर खर्च करणारा सर्वात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. मग इन्सुलिन असून नीट काम करत नाही. वजनकाटा फारसा हलत नाही, पण साडीच्या परकराची नाडी सांगते. म्हणून वजनापेक्षा टेप घेऊन घेर मोजावा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचे. हाडांच्या बाबतीत उल्लेख केलेल्या त्याच अभ्यासात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, शेवटच्या पाळीच्या आगे-मागे वर्षभरातच झपाट्याने चढलेले दिसले. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकारापासून जे थोडे संरक्षण असते ते इथे सुटू लागते. ज्यांची साखर बाळंतपणात वाढली होती त्यांनी तर वर्षाला एकदा तपासलीच पाहिजे. बाळ झाल्यावर साखर उतरली म्हणून आपण ते पान उलटतो. आमच्या मधुमेही मैत्रिणीने नेमके तेच केले होते.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ५.७च्या खाली असावी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि वर मधुमेह. यात एक खाच आहे. अंगावर खूप जाऊन लोह कमी झाले असेल तर हा आकडा असतो त्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन कमी असताना फक्त या आकड्यावर औषध सुरू होत असेल, तर उपाशीपोटीची साखरही पाहावी असे डॉक्टरांना नम्रपणे म्हणावे.

आता आपल्या इंदूरच्या ताटाकडे. सकाळी पोहे-जलेबी, वर शेव, संध्याकाळी सराफ्याला काहीतरी, आणि सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास पोटाला विश्रांती म्हणून असेल तर साबुदाण्याने ती मिळत नाही. उपवास सोडा असे म्हणण्याची आमची हिंमत नाही. आमच्यातली एक अजून चतुर्थी करते, पण ताक, दूध, दाणे, राजगिरा आणि फळ यांवर. पोहे आम्हीही खातो. त्यात मोड आलेली मटकी जास्त आणि पोहे कमी घालतो. जलेबी सणासुदीला.

गर्भाशय काढून टाका, असे सांगितले तर

हे लिहिताना हात जरा थांबतो. पेरिमेनोपॉजमध्ये अंगावर खूप जाते, बाई थकते, आणि कुणीतरी म्हणते, "आता मुलं झाली, पिशवीचं काय काम? काढून टाका, कटकट मिटेल." आमच्या मैत्रिणीला एका दवाखान्यात हेच सांगितले गेले. पुढे कॅन्सरची भीती नको म्हणून अंडाशयेही काढू, असेही सुचवले. ती एक्केचाळीस वर्षांची होती. घरच्यांनी सही केली, तिनेही केली. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जो उतार काही वर्षांत होतो तो तिला एका दिवसात झाला. तिला कुणी पर्यायी संप्रेरक दिले नाही, कॅल्शियमचेही बोलले नाही. पन्नाशीत तिची हाडे सत्तरीच्या बाईसारखी निघाली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली. आपल्याला वाटते ते गरीब, अशिक्षित बायकांचे. शिकलेल्या, पगारदार बायकाही त्याच सहजतेने सही करतात, आम्ही पाहिले आहे.

शस्त्रक्रिया कधी आवश्यकच असते, हे खरे. कॅन्सर असेल, फार मोठ्या गाठी असतील, औषधाने रक्त थांबतच नसेल, तर ती जीव वाचवते. पण आधी सोनोग्राफी, गरज असल्यास आतल्या अस्तराचा तुकडा तपासणे, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, आणि कॉपर-टीसारखेच दिसणारे, पण गर्भाशयात बसवल्यावर हार्मोन सोडणारे साधन, हे पर्याय आहेत का असे विचारता येते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते. आणि गर्भाशय काढायचेच असेल तर अंडाशये का काढायची, हा वेगळा प्रश्न वेगळा विचारायचा. ती लवकर काढावी लागलीच, तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावे का, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यायचे. कर्जाच्या कागदावर सही घेण्यापूर्वी आम्ही ग्राहकाला अटी वाचायला लावत होतो. स्वतःच्या शरीराच्या कागदावर आम्ही त्या वाचल्या नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. बारा महिने पाळी बंद राहून नंतर थोडासा जरी डाग दिसला, तर 'पुन्हा आली वाटतं' म्हणून सोडून देऊ नये. त्याची तपासणी लगेच करावी. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल आपल्यात फार भीती आहे. तिचे मूळ २००२ मधले. त्या वर्षी अमेरिकेतला एक मोठा प्रयोग स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या थोड्या वाढल्याचे दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. त्या प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे नंतर ध्यानात घेतले गेले. साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास, त्रास खूप असलेल्या निरोगी स्त्रीला फायदा जास्त आणि धोका कमी, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. हाडे मोडण्याचे प्रमाणही त्याने घटते, त्याच प्रयोगात खुब्याचे मोडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आहे, रक्ताची गुठळी झाली आहे किंवा न समजणारा रक्तस्राव होतो आहे त्यांच्यासाठी हे औषध नाही. ज्यांना चालते त्यांनीही स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावे, शेजारणीची चिठ्ठी दाखवून नव्हे.

कॅल्शियमचा हिशेब मात्र घरी मांडता येतो. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १,००० आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम लागते. पेलाभर दुधातून सुमारे २४०, मोठ्या वाटीभर दह्यातून २००, नाचणीच्या एका भाकरीतून (इथे दुकानात रागी म्हणून मागा) १४० च्या आसपास, दोन चमचे तिळातून शंभरावर. एवढ्याने सातशेच्या जवळ येतो. उरलेले पालेभाजी, डाळी, दाणे आणि आणखी थोड्या दुधा-ताकातून. संक्रांत झाली की तीळ डब्यात पुढच्या वर्षाची वाट पाहत बसतात. ते चटणीत, भाकरीवर, कोशिंबिरीत वर्षभर चालतात. जेवणातून भागत नसेल तरच गोळी, तीही लोहाच्या गोळीबरोबर नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. प्रथिनेही मोजावीत. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅमच असतात, यावरून आपण किती कमी खातो ते कळेल.

एवढे ऊन असूनही ड जीवनसत्त्व आपल्यात कमीच, कारण आपण उन्हात जातो ते ओढणी, हातमोजे आणि तोंडाला स्कार्फ बांधून. औषधाच्या दुकानात ६०,००० युनिटची पुडी सहज मिळते. ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घेण्यासाठी लिहून देतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी ती रोज घेतली आणि कॅल्शियम वाढून त्यांना दवाखान्यात राहावे लागले. चिठ्ठीवरचे 'आठवड्यातून एकदा' मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

शेवटी व्यायाम. रोज नेहरू पार्कला चक्कर मारतो म्हणजे सगळे झाले, असे आम्ही मानत होतो. चालणे हृदयाला आणि साखरेला चांगले, पण हाडाला त्यापेक्षा जास्त भार लागतो. स्नायू हाडाला खेचतो तेव्हाच तिथे जमा होते. म्हणून आठवड्यातून दोनदा वजन उचलणे, जिने चढणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. आम्ही चौघी एकसष्टीनंतर शिकलो. सुरुवातीला पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या होत्या, आता चार-चार किलोचे डंबेल्स आहेत. ज्यांचे हाड आधीच विरळ आहे त्यांनी कमरेतून वाकण्याचे आणि पिळण्याचे प्रकार टाळावेत, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावे. तोल सांभाळण्याचा सरावही हवा, कारण पडलेच नाही तर बरेचसे मोडतही नाही. ओट्याशी चहा उकळेपर्यंत एका पायावर उभे राहता येते.

हळदीकुंकवाच्या त्या सुनेने दुसऱ्या आठवड्यात तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९ निघाले, टीएसएच ठीक, साखर उंबरठ्यावर. ती आता शनिवारी आमच्याबरोबर वजने उचलते. मागच्या शनिवारी तिने सासूबाईंनाही आणले होते.